हो म्हणणारी

कॉर्कवुड बोअर, ११ मार्च २०१२

मर्टल,

फोन घेत नाहीस म्हणून लिहायला बसले. होस्टेलातली ती पोरगी दर वेळी सांगते, "मर्टलबाई मशीनवर आहेत." आठवड्यातून तीन दिवस रक्त धुवायचं मशीन, हे मलाही ठाऊक आहे. मग रविवारी कसलं मशीन गं? सरळ सांग ना, एनिडशी बोलायचं नाही म्हणून.

पत्र तू फाडशील, पण वाचून फाडशील. दुसऱ्याच्या नावाचं पाकीटसुद्धा तू कधी न फोडता सोडलं नाहीस. आतेबहीण आहेस माझी, तुझे गुण मला नवीन नाहीत.

त्या भिंतीचं एकदाचं बोलून टाकते. शाळेची नवी खोली झाली. डंकन, आमचा मुख्याध्यापक, म्हणाला की एनिड, भिंत कोरी आहे, तुमच्याकडचं काहीतरी मुलांकडून काढून घे. पंचवीस वर्षं मी या शाळेत गोऱ्या मास्तरांच्या हाताखाली मुलांची नाकं पुसतेय. पहिल्यांदा कुणी म्हणालं, तुमच्याकडचं. मी आपल्या पूर्वज घोरपडीची वाट काढून घेतली. चार पाणवठे, मधली पावलं, शेपटीची रेघ. तिसरीच्या पोरांनी काय रंगवलीय बघशील तर! पेपरवाला येऊन फोटो घेऊन गेला. तो फोटो तू मशीनच्या खोलीत कुणाच्या तरी मांडीवर बघितलास, आणि मला फोन करून एवढंच विचारलंस, "कुणी हो म्हटलं?" उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास.

नियम मला शिकवायची गरज नाही. ती वाट माझ्या बापाची, म्हणून माझी. तुझ्या आईच्या माहेरची, म्हणून राखण तुझी. मी सांगायचं, तू शेजारी बसून ऐकायचं, चुकले तर मांडीवर चापट मारायची, आणि शेवटी तू "हो, असंच आहे" म्हणायचं. तुझ्या होकाराशिवाय ती नुसती बडबड. ठाऊक आहे मला! पण तू तेव्हा दवाखान्यात होतीस, फोन लागेना, आणि डंकनला सुट्टीच्या आत भिंत हवी होती. माणसाने किती थांबायचं?

विमान मंगळवारी टपाल नेतं. उत्तर दे.

एनिड


२९ मार्च

मर्टल,

उत्तर नाही. बरं.

टनिशाबद्दल सांगते, तिच्यावर तरी तुझा राग नाही ना. माझ्या भावाच्या लेकाची ही पोर, नऊ वर्षांची, दात पडलेले, जीभ मात्र शाबूत. माझ्याकडेच राहते. माझी वाट पुढे सांभाळायला हीच एक आहे, बाकीच्यांना फुटबॉलपुढे काही सुचत नाही.

शुक्रवारी दुपारी शाळेत आपला तास असतो. आठवड्यात एकच. त्यात मी पोरांना पावलांचे ठसे ओळखायला शिकवते, नाती शिकवते, कुणाशी थट्टा करायची नि कुणासमोर मान खाली घालायची ते. गेल्या शुक्रवारी सगळ्यांना झाडाखाली वाळूत बसवलं, गोष्टीचा ठेका धरायची वाकडी तार हातात घेतली आणि घोरपडीची गोष्ट सुरू केली. पहिला पाणवठा काढला, तारेने ठोकत सांगितला, तळव्याने वाळू सपाट पुसली. दुसरा काढणार, तोच ही टनिशा म्हणते, "आजी, हो कोण म्हणणार?"

मी म्हटलं, "गप बस."

"पण मर्टलआजी नाहीये ना. मग हे खरं आहे की बडबड?"

सगळ्या वर्गासमोर गं! डंकन मागे खुर्चीत बसला होता, त्याला काही कळलं नाही, तो आपला हसत मान हलवत होता. मी तार खाली ठेवली आणि पोरांना म्हटलं, जा, आज ठसे शोधा.

आठवतं का, मिशनच्या शाळेत आपल्या भाषेत बोललो म्हणून तुझ्या तोंडात साबण कोंबला होता? तू तो थुंकलास आणि त्याच भाषेत त्या बाईला शिवी दिलीस. मी बाजूला उभी राहून इंग्रजी प्रार्थना म्हणत होते. आता त्याच भाषेचा मला पगार मिळतो, आणि तू त्या शहरात पडून आहेस. हसू येतं का तुला? मला येत नाही.

वाळूतली गोष्ट अर्धीच राहिलीय. पोरगी रोज विचारते, पुढे काय झालं. मला सांगता येत नाही. येत नाही म्हणजे येतं, पण सांगवत नाही.

लेस्टर परवा आला होता, म्हणाला आईचे पाय सुजतात. पाणी मोजून पी गं. चहासाठी तू जीव टाकतेस, मला माहीत आहे.

एनिड


२० एप्रिल

मर्टल,

पाकीट मिळालं. आत एक अक्षर नाही. पेपरातला तो फोटो, आणि तिसऱ्या पाणवठ्यावर बॉलपेनने फुली. इतकी दाबून की कागद फाटलाय.

चार दिवस तो कागद उशाशी ठेवून झोपतेय. तिसऱ्या पाण्यावर काय चुकलं? घोरपड दुसऱ्या पाण्यावरून निघते, तिसऱ्याशी पिते, चौथ्याशी बिळात जाते. माझ्या डोक्यात एवढंच आहे. बापाने सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि तू शेजारी बसली होतीस. त्याने काय सांगितलं ते तू धरून ठेवलंस आणि मी सांडून आले असं दिसतं. राखणदार त्यासाठीच असते म्हण. पण मला लाज वाटली, मर्टल. तो चुकीचा पाणवठा दोन हात रुंद, निळ्या रंगात, शाळेच्या भिंतीवर आहे. वाळूत असता तर तळव्याने पुसला असता. भिंत कशी पुसायची? येणारी जाणारी पोरं तेच डोळ्यांत साठवतायत.

आता खरं सांगते. फोन लागत नव्हता हे खोटं. मी लावलाच नाही. तुझा नंबर स्वयंपाकघरात भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, तो बघत बघतच मी रंगांचे डबे उचलले. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांब, मी येते, माझ्यासमोर काढा. आणि मग सगळे म्हणाले असते, मर्टलने चूक काढली, मर्टलने हो म्हटलं. लहानपणापासून हेच ऐकतेय. एकदा तरी मला वाटलं, माझं एकटीचं नाव होऊ दे.

झालं नाव. पेपरात छापलंय, स्पेलिंग चुकवून.

एनिड


७ मे

मर्टल,

भिंत पांढरी केली.

कुणाला विचारलं नाही, म्हणशील हिची खोडच आहे. काल रविवारी पोरं चर्चला गेली तेव्हा कोठारातून चुन्याचा डबा आणला नि दोन हात मारले. टनिशा आली धावत. मला वाटलं रडेल, तिने पहिल्या पाणवठ्यातले ठिपके स्वतः काढले होते. तिने दुसरा ब्रश घेतला आणि खालची बाजू रंगवायला लागली. म्हणाली, "वर तुझा हात पोचतो, खाली माझा."

आज डंकन पिसाळला. माणूस वाईट नाही गं, पण त्याचा चेहरा लालभडक झाला होता. "एनिड, पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत! ही शाळेची शान होती! तुमचीच संस्कृती ना ही?"

मी म्हटलं, "आमचीच आहे, म्हणून तर पुसली."

"मला समजत नाही."

"मलाही उशिराच समजलं," म्हटलं.

मग जाता जाता तो म्हणाला की तुमची ती बहीण आली तर शुक्रवारचा तास पाहिजे तेवढा वाढवा. तेव्हा आता शाळेचीही आडकाठी नाही.

ये ना गं. हात जोडते. माझ्यासाठी नको येऊस. मला मूल नाही, भाऊ गेला, तुझ्या पोरांपैकी कुणी ती वाट शिकलं नाही, तुझ्यामागे हो म्हणणारं कुणी नाही. आपण दोघी गेलो की ती घोरपड दुसऱ्या पाण्यावरच बसून राहणार. या पोरीला ती वाट नीट मिळू दे. एक शुक्रवार दे मला.

एनिड


१ जून

मर्टल, म्हातारे,

लेस्टरने फोनवर सांगितलं, "आई म्हणाली, येते. आणि म्हणाली, एनिडला सांग, चूल पेटवून ठेव." मी फोन ठेवला आणि ओट्यावर डोकं टेकवून रडले. टनिशाला वाटलं कुणी गेलं.

कांगारूची शेपटी फ्रीझरमध्ये टाकून ठेवलीय, तुझ्या वाटणीचा जाड तुकडा. राखेतली भाकरी मी करीन, तुझी नेहमी कच्ची राहते. थंडी फार आहे, अंगणात चुलीशी तुझी गादी घालते, आत हीटरही आहे, बघ तुला काय हवं. चहा अर्धा कप. त्यावर भांडायचं नाही.

शुक्रवारी मशीन करून शनिवारी निघायचं, रविवारी वाट सांगायची आणि संध्याकाळी परत, असं लेस्टर म्हणतो. पण रविवारी अर्धी पोरं सामन्यांना गेलेली असतील. बघू, आल्यावर ठरवू.

तू ये तर आधी.

एनिड


क्रीकच्या पलीकडून, २४ जून

लेस्टर बाळा,

तुझ्या आईचं नाव मी लिहीत नाही, गेलेल्या माणसाचं घ्यायचं नसतं. तिच्या वस्तू तुम्ही भावंडं जाळाल तेव्हा तिच्या पिशवीत माझी पत्रं सापडतील. तीही जाळा. त्याआधी हे वाच. मीच तोंडाने सांगायला हवं होतं, पण तू परवा समोर आलास, डोकं भादरलेलं, आणि मी सरपणाच्या निमित्ताने उठून गेले.

तिथे दुखवट्याच्या राखेत बसून तू म्हणालास, "मावशी, माझी गाडी बंद पडली म्हणून आई गेली." रविवारी तुझा क्लच गेला, तू शहरात अडकलास, तिला न्यायला आला नाहीस, आणि तुझे काका मान हलवत गप्प राहिले. मीही गप्प राहिले. तू म्हणालास ते खरं नाही, लेस्टर. गाडीमुळे मशीनची एक पाळी चुकली असती, फार तर दोन. पुढचं सगळं माझं आहे.

आधी ती कशी होती ते सांगते, तू नव्हतास तेव्हा.

शनिवारी तू सोडून गेलास आणि तिने पहिलं काय केलं, तर शाळेत जाऊन ती पांढरी भिंत बघितली. बोट लावून बघितलं, चुना वाळलाय का. मग मला म्हणाली, "चुनासुद्धा एकसारखा मारता येत नाही तुला!" आमचं नातंच थट्टेचं, पण एक वर्षाने तिची शिवी ऐकली आणि मला बरं वाटलं.

मग ती टनिशाला घेऊन अंगणात बसली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शाळा सुटली की दोघी वाळूत. मला म्हणाली, तू चूल बघ. मंगळवारी तिसरं पाणी आलं तेव्हा मात्र हाक मारली, "ये गं मालकीणबाई, ऐक." घोरपड तिसऱ्या पाण्यावर पीत नाही. ते पाणी तिचं नाही, दुसऱ्यांचं. ती लांब बसते, पाठ फिरवून, आणि पाण्याचे मालक हाक मारेपर्यंत हलत नाही. तहानेने जीव गेला तरी विचारल्याशिवाय पीत नाही. तो सगळा भाग मी गाळला होता. तुझी आई म्हणाली, "विसरायला बरोबर तोच तुकडा सापडला तुला!" आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला धाप लागली. ती धाप मग बराच वेळ बसली नाही. मी बघत होते.

बुधवारी तिच्या पायात चप्पल जाईना. मी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. ती म्हणाली, "शुक्रवार करून जाते." मी म्हटलं, "हो, जा."

गुरुवारी सकाळी मशीनच्या खोलीतून सिस्टरचा फोन आला. तिने विचारलं, मशीनच्या दोन पाळ्या चुकल्यात, सूज आहे का, श्वास कसा आहे, त्यांना फोन द्या. म्हणाली, दुपारी तुमच्या बाजूला विमान येतंय, एक जागा आहे, आजच बसवा. तुझी आई आत पडली होती, उशांना टेकून, कारण आडवं पडलं की दम कोंडत होता. मी सिस्टरला म्हटलं, "ती पोरींबरोबर रताळी खणायला गेलीय. ठणठणीत आहे. शनिवारी पाठवते." आणि फोन ठेवला.

शुक्रवार एका दिवसावर होता, लेस्टर. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला कळत होतं, आणि तिच्या होकाराशिवाय सगळं बुडालं असतं. हेच माझ्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा तिने विचारलं, "कुणाचं गं?" मी म्हटलं, "टपालाचं." टपाल मंगळवारी येतं हे तिला माहीत होतं. 

आठ दिवस मी स्वतःला समजावतेय की तिला सांगितलं असतं तरी ती राहतेच म्हणाली असती. हट्टी होती, कदाचित म्हणालीही असती. पण तिला कुणी विचारलं का? जीव तिचा, आणि मी विचारलं नाही. भिंतीच्या वेळी विचारलं नाही नि आताही नाही. मंगळवारी तिने मला ती गोष्ट सांगितली, आणि गुरुवारी मी हे केलं.

शुक्रवारी तिला चाकाच्या खुर्चीतून झाडाखाली नेलं. सगळी पोरं बसली होती, डंकन खाली वाळूत बसला होता. मी तार उचलली. तुझ्या आईने हात वर केला. "तू नको. पोरीला सांगू दे." मी तार टनिशाच्या हातात दिली आणि मागे सरले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला झोंबलं. एवढं सगळं करून होकार माझ्या वाट्याला आला नाही.

पोरीने सांगितली. बोबडी वळत होती तिची सुरुवातीला, मग तारेचा ठेका जमला. काढायची, सांगायची, पुसायची. तिसऱ्या पाण्यावर तिने घोरपडीला लांब बसवलं आणि स्वतःही थांबली, इतकी थांबली की मागची पोरं चुळबुळायला लागली. मग चौथं पाणी, मग बीळ. तुझी आई म्हणाली, "हो." आवाज इतका बारीक की मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाली?" सगळे हसले. मग तिने खुर्चीचे दांडे धरून श्वास ओढला आणि मोठ्याने म्हणाली, "हो! असंच आहे!" डंकनने टाळ्या वाजवल्या. त्याच्याकडे बघून तीही हसली.

शनिवारी सकाळी क्लिनिकमध्ये तिचा श्वास थांबला. विमान उतरलं तेव्हा तिच्यावर चादर घातलेली होती. पुढचं तू पाहिलंसच. दुखवट्यासाठी माझं घर सोडलं, आम्ही सगळे क्रीकपलीकडे, ओढ्यापल्याड तंबूंत आलोय, बायकांनी केस कापलेत. राखणदार गेली, वाट आता मिटली. टनिशाने ती तोंडातून काढायची नाही, तार हातात घ्यायची नाही, तुम्ही भावंडं सांगाल तोवर. शाळेतला शुक्रवारचा तास मी बंद केलाय.

तेव्हा गाडीचं मनात ठेवू नकोस. तुझ्या काकांना हे पत्र वाचून दाखव, सगळ्यांसमोर दाखव. मला जे भोगायला लावाल ते मी भोगेन, पळणार नाही, वयाकडे बघू नका. मी इथेच आहे.

टनिशाला मात्र काही विचारू नका. गुरुवारी फोन तिनेच मला आणून दिला होता. मी सिस्टरशी बोलत होते तेव्हा ती दारात होती, आणि तुझी आई आत पडलेली तिला दिसत होती. पोरीने अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती आता तिच्या आईच्या तंबूत झोपते. काल भाकरी केली आणि तिला हाक मारली. ती आली नाही.

तुझी मावशी,
एनिड